दोनदा आलेल्या ओळी

खारमाची, ता. पेण
१६ फेब्रुवारी १९९९

चि. सुजय यास,

आशीर्वाद या खेपेला राखून ठेवलेत. आधी पत्र पुरं वाच, मग त्यातले किती तुला झेपतील ते बघू.

मी बायजाबाई. तुझ्या आईची सख्खी मावशी, म्हणजे तुझी आजी. ओळख सांगावी लागते, कारण तू पाठवलेल्या सीडीत मी अर्धीमुर्धीच हाय, तेव्हा तुलाही अर्धीच आठवत असेन. लिहिते आहे माझी नात मृणाली, बोलते आहे मी. मला अक्षरं येत नायत. राग तेवढा पुरा येतो.

सहा वर्षांमागं माझ्या नातवाच्या, मिथुनच्या लग्नात तू खांद्यावर तो कॅमेऱ्याचा डबा घेऊन मांडवभर नाचलास. त्याची कॅसेट आम्ही कपाटात जपली. पण इथं खाडीच्या वाऱ्यात विळा टिकत नाय, तिथं तुझी फीत काय टिकणार? पांढरी बुरशी धरली. म्हणून मिथुन ती रोह्याला तुझ्या दुकानात देऊन आला, की बाबा, हिची सीडी करून दे. नऊ मेला मृणालीचं लग्न हाय, त्याच्या आत हवी. तू म्हणालास, होईल. झाली खरी.

काल दुपारी मिथुनच्या नव्या यंत्रापुढं अख्खी आळी गोळा केली. हळदीचा भाग आला. चटईवर कृष्णाबाई नि मी. तुला आठवत नसेल तर सांगते, आपल्या खाडीकाठी भटजी येण्याआधी लग्न धवलारीण धवला गाऊन लावते. कृष्णाबाई ती धवलारीण, नि मी तिच्या पाठची. तर कृष्णाबाईनं तोंड उघडलं, आवाज नाय. लगेच मी, अर्धी ओळ. पुन्हा तिचं तोंड उघडं, पुन्हा मी, अर्धी. दोघींच्या मधे कोणी कोयता घेऊन बसल्यासारखं. पोरं हसून लोळली. शेजारची सरू मला म्हणते, "बायजे, तुला उचक्या लागल्यात का गो?"

आणि नारळ फोडताना तू कुठल्या सिनेमातला पियानो घातलास? आमच्या आळीत पियानो कोणाकडं हाय?

तासभर धवला गायलो आम्ही. सीडीत तो सहा मिनिटांत संपला. बाकीचा कुठं गेला ते कळव. पंगतीची चौदा मिनिटं मात्र शाबूत हायत, कोणी किती जिलेब्या खाल्ल्या सगळं दिसतं.

बायजाबाई
(आजी अंगठा उठवायचा म्हणाली. शाई नव्हती म्हणून हळदीचा उठवला आहे. — मृणाली)


रोहा
२२ फेब्रुवारी १९९९

ती. बायजाआजीस सा. न.

तुझं पत्र आईनं दुकानात, गिऱ्हाइकासमोर मोठ्यानं वाचलं. आता ऐक, माझीही बाजू आहे.

कॅसेट सीडीवर जाते म्हणजे काय, हे तुम्हा लोकांना वाटतं तितकं सोपं नाही. कॅसेट व्हीसीआरवर चालवायची, वायर कॉम्प्युटरला लावायची, मग त्याची फाइल तयार होते. ती फाइल सीडी रायटरमध्ये भाजतात. आम्ही भाजणंच म्हणतो. फाइलीत बिघाड असेल तर अर्ध्यावर एरर येते आणि सीडी फुकट जाते. तुझ्या एका लग्नापायी तीन सीड्या गेल्या. आईनं त्या पपईच्या झाडाला टांगल्यात, पाखरं हाकलायला.

बुरशीमुळे तुमची फाइल मुळातच आजारी. चित्राचे चौकोन होतात, आवाज तीन सेकंद पुढं पळतो. शिवाय कॉम्प्युटरनं एक विचित्र गोष्ट केली होती. धवल्याची प्रत्येक ओळ दोनदा रेकॉर्ड झाली होती. एकदा कापऱ्या आवाजात, मग तीच पुन्हा स्वच्छ आवाजात. बिघडलेल्या फाइलीत असं होतं, मी वाचलं आहे. मी एकेक ओळ शोधून कापरी काढून टाकली आणि स्वच्छ ठेवली. आठ दिवस दुसरं काम घेतलं नाही. स्वच्छ आवाज तुझाच आहे, तेव्हा खरं म्हणजे तुला आनंद व्हायला हवा होता. जिथं खरखर फारच होती तिथं म्युझिक टाकलं. सगळेच टाकतात.

तू पडद्यावर कमी दिसलीस म्हणून राग आला असेल, हे मी समजू शकतो. असं करतो, सीडीच्या सुरुवातीला तुझा फोटो गुलाबाच्या चौकटीत टाकतो. तो तीन वेळा गोल फिरून येईल, खाली नाव.

कॅसेट माझ्याकडे आहे, काळजी नसावी.

तुझा,
सुजय


खारमाची
४ मार्च १९९९

चि. सुजय,

गुलाबाच्या चौकटीत माणूस एकदाच जातो, त्या दिवशी त्याला फिरता येत नाय. ती घाई तू करू नकोस.

ओळी दोनदा आल्या, म्हणतोस. अरे शहाण्या, त्या दोनदाच गायच्या असतात. कृष्णाबाई अख्खी ओळ टाकायची, तिचा शेवट मी उचलायचा. ती डोकं, मी शेपटी. एकीचा श्वास संपतो तिथं दुसरीचा सुरू होतो, म्हणून तर धवला हळद लागेपर्यंत तुटत नाय. तुझ्या आईला विचार, ती लहान असताना माझ्या मांडीवर बसून शेपट्या उचलायची. तू मांडवात तासभर आमच्या तोंडापुढं उभा होतास, तुला एवढं कळलं नाय? तुझ्या त्या यंत्राला बोल लावतोस, पण ते बिचारं आम्ही गायलो तसंच ऐकत होतं. बिघाड त्याच्यात नव्हता.

तू सगळी डोकी उडवलीस आणि शेपट्या ठेवल्यास. आणि वर म्हणतोस मला आनंद व्हावा, कारण शेपट्या माझ्या. कोणाच्या घरी मुंडकं तोडलेला रावस पाठवून सांगून बघ, की स्वच्छ भाग ठेवलाय.

कापरा आवाज म्हणालास तो कृष्णाबाईचा. त्या लग्नानंतर चार महिन्यांत ती गेली. तिचा दुसरा आवाज कुठं नाय. फोटोसुद्धा नाय, एक रेशनकार्डावर होता, त्यात ती चोर दिसते.

तर आता असं कर. माझी कॅसेट आहे तशी परत पाठव. बुरशीसकट. दुकान तू एकट्यानंच उघडलं नायस. पेणला दुसरा बघते.

शिमग्याच्या पोळ्या पाठवणार होते, नाय पाठवत.

बायजाबाई
(मी तिला म्हटलं, एवढं चिडायला काय झालं, धवले तुला पाठच आहेत ना? तर म्हणाली, तू लिही गपचूप. हे मी माझ्याकडून लिहिते आहे. — मृ.)


रोहा
११ मार्च १९९९

ती. आजीस,

हे पत्र लिहायचं चार दिवस टाळत होतो.

कॅसेट नाही. मागच्या पत्रात आहे म्हटलं ते खोटं होतं. फाइल करून झाल्यावर मी ती पुन्हा एकदा चालवून बघायला गेलो, तर व्हीसीआरनं ती ओढून घेतली. आतून चुरगळून, तुटून बाहेर आली. भांड्यातून शेवया उपसाव्यात तशी मी बोटांनी ओढून काढली. त्याच आठवड्यात दुकान झाडलं, तेव्हा कचऱ्याबरोबर ती पोरांनी शेकोटीत टाकली. मला वाटलं, सीडी झालीच आहे, आता कोण विचारतं.

पहिली फाइल, न कापलेली, ती अजून कॉम्प्युटरमध्ये आहे. पण ती आता उघडतच नाही. करताना मधेच लाइट गेली होती, त्यामुळे तिचा आरंभ धड लिहिला गेला नव्हता. तेव्हा कशीबशी एकदा उघडली आणि मी त्यातून सीडीपुरतं काढून घेतलं. आता प्रोग्राम ती फाइल आहे हेच मानत नाही. नुसती जागा अडवून बसली आहे. माझी हार्ड डिस्क म्हणजे काही तुमचं मिठाचं आगर नाही, की वाटेल तेवढं पाणी आत घ्यावं. पाडव्यानंतर लग्नांचा हंगाम सुरू होतो. २१ तारखेला, रविवारी, मी ती पुसणार आहे.

मी चुकलो हे मान्य. पण आजी, तूही जरा विचार कर. धवला तुझ्या तोंडात आहे. चाळीस वर्षं गातेस. सीडीत नसला म्हणून काय बिघडतं? मृणालीच्या लग्नात तू गाशीलच, तेव्हा मी चांगल्या कॅमेऱ्यानं शूट करतो, एक ओळ कापणार नाही. मिथुन भेटला होता. तो तर म्हणाला, हल्ली तासभर धवला ऐकायला पाव्हणे थांबत नाहीत, आजीला पाच मिनिटांत आटपायला सांगू.

आई माझ्याशी बोलत नाही. बाकी ठीक.

सुजय


खारमाची
१५ मार्च १९९९

सुजय,

हे पत्र मृणालीच्या हातचं नाय. हे गुणाजी पोस्टमन लिहितो आहे. आम्ही दोघं धरमतरच्या जेटीवर मिठाच्या गोण्यांवर बसलोत आणि त्याला माझ्या पोराची शपथ घातली हाय. आमच्या घरी काही बोललास तर तुझं रोह्याचं दुकान मी येऊन खाडीत लोटीन.

ती फाइल पुसू नको.

तू लिहिलंस, धवला माझ्या तोंडात हाय. मिथुनही तेच म्हणतो, आळीही तेच म्हणते. खरं ऐक. चाळीस वर्षं मी शेपट्या उचलल्या. डोकं कधी मला टाकावं लागलं नाय. कृष्णाबाई होती ना. तिनं ओळ टाकली की माझं तोंड आपोआप उघडायचं, जसं बैल वाट चालतो. ती गेल्यापासून आळीत लग्न झालंच नाय. दोघांचं देवळात लागलं, एकानं मुंबईत हॉल घेतला. मला वाटलं, येईल तेव्हा येईल. या पौषात दळायला बसले आणि म्हणून बघितलं.

देव बोलावायचा धवला असतो. हळद लावायच्या आधी सात जणांना नाव घेऊन मांडवात बोलावायचं. गावदेवी येते, कुळाचा देव येतो, खाडी येते, आगर येतं. असे सहा मला येतात. सातव्याचं डोकंच नाय. नुसती शेपटी हाय, "हलदीला तुझी जागा ठेवली". कोणाची जागा ठेवली ते कळत नाय. दोन महिने मी त्या रिकाम्या पाटापुढं बसले हाय. शेजारगावच्या धवलारणींना विचारावं तर त्यांचा सातवा वेगळा. तुझ्या आईला विचारलं असतं, पण तिलाही शेपटीच माहीत. आम्ही सगळ्या शेपटीच्या.

सातवा नाय आला तर काय होतं? कृष्णाबाई म्हणायची, तो पाठ फिरवून बसतो. खरं खोटं तिला माहीत. मला भीती देवाची नाय. मला भीती मृणालीची. हळद लावून बसलेली पोर, तिच्या लग्नाची ओळ माझ्या तोंडात अडकणार आणि ती देवाकडं नाय, माझ्याकडं बघत राहणार. आणि मिथुन म्हणेल, बघा, म्हटलं नव्हतं, पाच मिनिटांत आटपा. मग त्याच्या मुलीच्या लग्नात ती पाच मिनिटंही नसतील. तुझ्या पियानोवर हळद लागेल.

आणि विचारायचं तर कोणाला विचारायचं होतं, ती तर माझ्यावर रुसून मेली. त्याच मिथुनच्या लग्नात, त्याच धवल्यानंतर, मांडवाबाहेर मला म्हणाली, "बायजे, मधे तोंड घातलंस." मी कुठं तोंड घातलं? मी माझी शेपटी उचलत होते. बायांच्या देखत बोलली. मीही बोलले. चार महिने तिच्या दारावरून तोंड फिरवून गेले, आणि मग जायला दार उरलं नाय. सहा वर्षं मला त्याचा राग हाय. आता तिची ओळ पाहिजे आणि ती तुझ्या त्या मेलेल्या फाइलीत बसली हाय.

तू एकदा ती उघडली होतीस. पुन्हा उघड. चित्र नको मला. मी कशी दिसते ते मला माहीत हाय, कृष्णाबाई कशी दिसायची तेही. नुसता आवाज काढ. रविवारच्या आत हे पत्र पोचव असं मी गुणाजीला सांगितलं, तर हा म्हणतो पोस्टाच्या हातात हाय. मी म्हटलं, अरे पोस्ट तूच ना.

बायजाबाई
(बाईंनी सांगितलं ते शब्दशः लिहिलं. पोस्ट वेळेवर चालतं. — गु. रा. म्हात्रे)


रोहा
२ एप्रिल १९९९

ती. बायजाआजीस सा. न. वि. वि.

हे पत्र गुणाजींच्या नावे पाठवतो आहे, सीडीही त्यांच्याकडेच. तुझ्या घरी कोणाला काही बोललो नाही.

आधी हे सांगतो, की फाइल पुसली नाही. पण त्याचं श्रेय मला नाही. तुझं जेटीवरचं पत्र मला सोमवारी मिळालं, २२ ला. रविवारी मी पुसायलाच बसलो होतो. पण त्याआधी आईनं तुझं रावसाचं पत्र तिसऱ्यांदा वाचलं, दुकानात आली, कीबोर्डाची वायर उपटली आणि कीबोर्ड भाजीच्या पिशवीत घालून घरी घेऊन गेली. म्हणाली, आता पूस बघू. मी फार चिडलो. दुसऱ्या दिवशी तुझं पत्र वाचलं आणि घरी जाऊन तिच्यापुढे उभा राहिलो. तिनं पिशवी दिली. वर भेंड्या होत्या.

फाइल कशी उघडली ते सांगतो, तुला बरं वाटेल. तिचं धड शाबूत होतं, डोकं नव्हतं. मग मी त्याच यंत्रावर केलेली दुसऱ्या लग्नाची चांगली फाइल घेतली, तिचं डोकं कापलं आणि तुझ्या फाइलीच्या धडाला लावलं. पंधरा वेळा नाही जमलं. सोळाव्या वेळी प्रोग्रामनं तिला ओळखलं. मग चित्र वेगळं केलं, आवाज वेगळा केला. आवाज पळत होता तो तीन सेकंद मागं ओढला. जिथं खरखर आहे तिथं काही घातलं नाही. एका सीडीत चौऱ्याहत्तर मिनिटं मावतात. अख्खं लग्न न कापता ठेवलं तर कृष्णाबाई त्यात मावत नाही, म्हणून दोन सीड्या आहेत. चित्र तू नको म्हणालीस, तरी जिथं धड आहे तिथं ठेवलं आहे.

आजी, मी तो धवला पहिल्यांदा ऐकला. शूट करताना ऐकला नव्हता, बॅटरी बघत होतो. कापताना तर नुसत्या रेषा बघत होतो, कुठली वर जाते, कुठली खाली. या वेळी कानाला लावून ऐकला. मधे आई आली आणि तिनं दुसरा हेडफोन घेतला. तिच्या तोंडून शेपट्या निघत होत्या, तिला कळतही नव्हतं.

आता सातव्याबद्दल.

सहावा होतो. कृष्णाबाई श्वास घेते, तोंड उघडते आणि तिथंच चित्राचे चौकोन होतात. मागं मी तो भाग बिघडलेला म्हणून काढून टाकला होता. पण आवाज धड आहे. पाच सेकंद कोणी गात नाही. बांगड्या वाजतात, एक मूल रडतं, कोणीतरी खाकरतं. मग अख्खी ओळ येते, डोक्यापासून. आणि ती टाकणारा आवाज तुझा आहे. शेपटी कृष्णाबाईनं उचलली आहे. अगदी हळू.

मला वाटलं, जोडताना माझ्याकडूनच उलटं झालं. तीन वेळा तपासलं. उलटं नाही. तसंच आहे. तिला आठवलं नाही आणि तू टाकलीस.

ओळ इथं लिहीत नाही. लिहिली तर ती माझ्या अक्षरात येईल. तुझ्याच तोंडून ऐक. दुसरी सीडी, एकोणीस मिनिटं.

सुजय


खारमाची
१२ एप्रिल १९९९

चि. सुजय यास राखून ठेवलेले सगळे आशीर्वाद. मोजून घे, परत मागू नकोस.

लिहिते आहे मृणाली. गुणाजीकडून सीडी घेतली खरी, पण ती लावायची कशी ते त्यालाही येईना, मलाही येईना. तो म्हणाला, पोस्टाचं काम दारापर्यंत. मग पोरीलाच सांगावं लागलं. सगळं सांगितलं.

(आजीला वाटतं मला तेव्हा कळलं. जानेवारीपासून ती दळताना सहाच हाका देते आणि मग जातं थांबतं. मी मोजत होते. बोलले नाही एवढंच. — मृ.)

घरात कोणी नव्हतं. मिथुन शिफ्टला. आम्ही दोघी बसलो. एकोणीस मिनिटांवर कृष्णाबाई गप्प झाली. माझा जीव असा झाला, की आता यंत्र बंद पडलं. आणि मग माझंच तोंड बोललं,

फुटल्या बांधाच्या राखण्या रं, चिखलाच्या पायानं ये,
हलदीला तुझी जागा ठेवली.

तो होता सातवा. बांधावरचा. उधाणाच्या रात्री बांध फुटतो तिथं उभा राहतो तो. त्याला पाय धुवायला सांगायचं नाय, तसाच आत घ्यायचा. एवढी सोपी ओळ. दोन महिने मी त्याला मोठ्या देवांत शोधत होते.

मृणाली रडली. मी नाय रडले, मला राग आला. अजून हाय. सांगते कोणाचा.

आधी माझा. ती म्हणाली होती, "मधे तोंड घातलंस." आणि मी सहा वर्षं पाण्यात उभी राहून सांगितलं असतं की नाय घातलं. घातलं होतं. तुझ्या यंत्रात साक्ष हाय. ती अडली, माझ्या तोंडातून ओळ पडली, मला कळलंही नाय. बैल वाट चालतो म्हटलं ना, तसं. तिला मात्र कळलं. भर मांडवात तिला कळलं की आपलं गेलं आणि पाठचीनं टाकलं. आणि मी बाहेर येऊन तिच्याशी भांडले, माझी शेपटी, माझी शेपटी करून.

मग तिचा. म्हणायचं होतं ना, बायजे, मला आठवलं नाय गो. घरी येऊन म्हणायचं. मी काय आळीत दवंडी दिली असती? तोंड घातलंस म्हणे. मेली. चार महिने दोघी दोन दारांत बसलो, ती लाजून आणि मी रागावून, आणि मधे गल्ली एवढीशी.

तुझ्यावर आता राग थोडाच उरला हाय. पहिल्या सीडीत तू ती गप्प राहिली ती जागाही कापली होतीस. तुला वाटलं बिघाड. खरं तर अख्ख्या कॅसेटीत तेवढीच जागा माझ्या कामाची होती. पण तू परत जोडलीस. दुसऱ्याचं डोकं आणून लावलंस, असं लिहिलंस ते वाचून मी हसले. मीही तेच केलं होतं म्हणायचं.

मिथुनला सीडी ऐकवली. बसून तासभर ऐकली. उठताना म्हणाला, पाव्हण्यांना चहा दोनदा द्यावा लागेल. म्हणजे झालं.

आता लग्नाचं. आठ तारखेला हळद हाय, तू सात तारखेलाच ये. कासू स्टेशनला उतरू नकोस, पेणपर्यंत ये, मिथुन घ्यायला येईल. मालूला, तुझ्या आईला, आण. तिला म्हणावं कीबोर्ड घरी ठेव, घसा आण. मी डोकं टाकणार, ती नि सरू माझ्या पाठी बसणार. पियानो रोह्यातच राहू दे. गुलाबाची चौकट मिथुनच्या सासऱ्याला दे, त्याला आवडेल.

आणि एक लक्षात ठेव. मी आता चौऱ्याहत्तरची हाय, तुझ्या सीडीएवढीच. त्यापुढचं माझ्यातही मावत नसेल. तेव्हा मांडवात गाता गाता मी मधेच गप्प झाले, तर यंत्राकडं बघू नकोस, बॅटरीकडं बघू नकोस, आणि घरी जाऊन तेवढं कापू नकोस. कॅमेरा तसाच धर. बांगड्या वाजू दे, पोर रडू दे. पाठची कोणीतरी उचलेल. आणि मी मांडवाबाहेर येऊन तिला काय म्हणते, तेही घे.

तुझी आजी,
बायजाबाई
(खाली अंगठा. या वेळी हळद मुद्दाम. — मृ.)